कयाकवरचा रेडिओ: वॉट नंतर बघा, आधी तो छातीवर बसतो का ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही, तुमची बहीण आणि एक मित्र असे तिघं फोंड्याहून काणकोणला येऊन कयाक चालवता. आतापर्यंत पाळोळ्याच्या आसपासच फिरलात, यंदा दिवाळीनंतर पाळोळे ते काब द राम आणि परत असा पल्ला मारायचा आहे. त्यासाठी हातात धरायचा मरीन रेडिओ हवाय आणि तीन मॉडेलांत गाडी अडकली आहे: ५ वॉटचा साधा तरंगणारा, ६ वॉटचा छोटा पण बुडणारा, आणि जीपीएस आणि डीएससी (एका बटणाने संकटाचा संदेश पाठवायची सोय) असलेला, जवळजवळ दुप्पट किमतीचा. कोणता घ्यावा?

पहिला घ्या. आणि तिघांसाठी तीन घ्या, तिन्ही एकाच जातीचे. एक भारी सेट घेऊन तो गटातल्या अनुभवी माणसाकडे ठेवायचा, ही कल्पना ऐकायला बरी वाटते. पण गटापासून तुटतो तो बहुतेक वेळा अनुभवी माणूस नसतो, दमलेला माणूस असतो. त्याच्याकडे रेडिओ नसेल तर तुमच्या भारी सेटवर तुम्ही स्वतःशीच बोलणार.

हे मी शिकलो ते काब द रामच्या कड्याखालीच. सात-आठ वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आम्ही चौघं आगोंदहून निघालो होतो. चौघांत रेडिओ दोन. एक माझ्या लाइफ जॅकेटवर. दुसरा ज्याच्याकडे होता त्याने तो खराब होऊ नये म्हणून ड्राय बॅगेत घालून मागच्या हॅचमध्ये, म्हणजे कयाकच्या झाकणबंद कप्प्यात, ठेवला, आणि निघताना मी ते पाहूनही काही बोललो नाही. सकाळचा मतलई वारा त्या दिवशी अकराच्या आधीच पडला आणि समुद्रावरून वायव्येचा सुरू झाला. कड्याखाली लाट खडकावर आपटून परत फिरते, येणारी आणि जाणारी एकमेकींवर चढतात, पाणी जागच्या जागी उकळल्यासारखं उसळतं. तिथे तो ड्राय बॅगवाला उलटला. कयाकला धरून तरंगत राहिला, घाबरलाही नाही. पण रेडिओ त्याच्यापासून दोन हातांवर असून त्याला काढता येईना, कारण त्या पाण्यात हॅचचं झाकण उघडलं असतं तर कयाक भरली असती. मी वीस मिनिटं त्याला हाका मारत होतो. शेवटी गळ टाकून बसलेल्या एका होडीवाल्या काकांनी त्याला पाहिलं आणि वर घेतलं. त्या वीस मिनिटांत रेडिओचा वॉट किती, जीपीएस आहे की नाही, यातलं काहीही कामाचं नव्हतं.

म्हणून रेडिओ हातात घेतल्यावर माझी पहिली कसोटी त्याच्या आकाराची असते. तुम्ही वापरता ते लाइफ जॅकेट दुकानात घेऊन जा किंवा निदान खिशाचं माप न्या. रेडिओ छातीवरच्या खिशात बसतो का? बसल्यावर वल्हं मारताना कोपर त्याला घासतं का? अँटेना हनुवटीत तर टोचत नाही? सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपासचा सेट दिवसभर अंगावर जाणवत नाही, त्याच्या दीडपट झाला की दुपारनंतर माणूस तो काढून डेकवर अडकवतो, आणि डेकवरचा रेडिओ उलटल्यावर कयाकबरोबर जातो. आयकॉमचा एम २५ मला कयाकसाठी आवडतो तो याचमुळे: ५ वॉट, तरंगतो, हलका आहे, यूएसबीवर चार्ज होतो. स्टँडर्ड हॉरायझनचा एचएक्स ८९० जास्त कामाचा सेट आहे, त्यात डीएससी आणि जीपीएस दोन्ही आहेत, पण अंगावर तो भरीव लागतो. बारीक चणीच्या माणसाला तर नक्कीच. तुमच्या बहिणीला आधी घालून पाहू द्या आणि तिचं मत शेवटचं धरा.

दुसरी कसोटी बटणांची. डोळे मिटून, बोटं ओली करून, एका हाताने तीन गोष्टी जमल्या पाहिजेत: सोळा नंबर (संकटाचं चॅनेल) लावणं, बोलायचं बटण दाबणं, आवाज वाढवणं. सोळा नंबरसाठी वेगळी कळ बहुतेक सगळ्या सेटना असते, ती अंगठ्याला सापडते का बघा. बोलायचं बटण फार हलकं असेल तर ते लाइफ जॅकेटच्या पट्ट्याखाली दाबलं जातं आणि सगळ्या गटाचं चॅनेल तुमच्या श्वासाच्या आवाजाने अडून राहतं. कोणालाच काही बोलता येत नाही, आणि ज्याच्यामुळे हे होतं त्याला सगळ्यात शेवटी कळतं. काळा चष्मा लावणारे असाल तर तो लावूनच पडदा बघा. पोलराइज्ड काचेतून काही पडदे एका कोनात साफ काळे दिसतात.

तरंगण्याबद्दल मी हट्टी आहे. बुडणारा छोटा सेट दोरीने बांधला की झालं, असं म्हणणारे चांगले कयाकवाले मला माहीत आहेत. पण दोरी लांब ठेवली तर उलटल्यावर ती वल्ह्यात, मानेत, कुठेही अडकते. आखूड ठेवली तर रेडिओ डोक्याच्या वर धरता येत नाही. आणि डोक्याच्या वर धरणं का लागतं, ते आता सांगतो.

मरीन रेडिओ ज्यावर चालतो ती व्हीएचएफची लहर साधारण सरळ रेषेत जाते, पृथ्वीच्या गोलाईमागे फारशी वळत नाही. अंदाज काढायचा तर अँटेनाची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१ ने गुणा. किलोमीटरमधलं उत्तर मिळतं. दोन्ही टोकांची उत्तरं मिळवली की किती लांब बोलता येईल त्याची वरची मर्यादा समजते. कयाकमध्ये बसलेल्या माणसाच्या छातीवरचा रेडिओ पाण्यापासून ७० सेंटिमीटरवर असतो, म्हणजे त्याची बाजू साडेतीन किलोमीटरची. दोन कयाकींमध्ये कागदावर सात. प्रत्यक्षात दोघंही अधूनमधून लाटेच्या खोलगटात असतात, मधे स्वतःचं ओलं शरीर येतं, म्हणून मी तीनच धरतो. आता तोच रेडिओ खिशातून काढून हात उंच करून सव्वा मीटरवर धरा. तुमची बाजू साडेचार किलोमीटरच्या वर जाते. हात वर केल्याने एक किलोमीटरहून जास्त मिळाला.

याच्या शेजारी ५ आणि ६ वॉटमधला फरक ठेवून बघा. तो एक डेसिबलही भरत नाही, कानाला कळणारही नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला सहाचा आकडा बघून सेट निवडू नका. उलट १ वॉटची सोय मात्र बघा आणि गटातलं सगळं बोलणं त्यावरच करा. बॅटरी वाचते, आणि दहा किलोमीटरवरच्या माणसाला तुमच्या डब्यात काय आहे ते ऐकावं लागत नाही. खोक्यावरचा 'अकरा तास' हा आकडा बहुधा पाच टक्के बोलणं, पाच टक्के ऐकणं आणि उरलेला वेळ गप्प राहणं, अशा हिशोबाने काढलेला असतो. तिघं गप्पिष्ट असाल तर तो अकरा राहत नाही.

समोरच्याचा अँटेना उंच असेल तर गणित एकदम बदलतं. ट्रॉलरच्या केबिनवर ६ मीटरवर अँटेना असेल तर त्याची बाजू दहा किलोमीटर, तुमची साडेतीन, मिळून साडेतेरा. मोठ्या जहाजाच्या २५ मीटरवरच्या अँटेनाची एकट्याची बाजू वीस किलोमीटर. टेकडीवरच्या स्टेशनचं त्याहून लांब जातं. मात्र मधे डोंगर नको. पाळोळ्याहून काब द राम समुद्रमार्गे सुमारे चौदा किलोमीटर, आणि त्या वाटेवर एकामागून एक टोकं पुढे आलेली आहेत. बटरफ्लाय बीचच्या आत गेलेल्या माणसाला आगोंदसमोरचा माणूस ऐकू येईलच असं नाही, आणि काब द रामचं टोक वळून गेलेल्याला तर अलीकडचा अजिबात नाही. टोक वळायचं असेल तेव्हा आम्ही एकाला जरा बाहेर, दोन्ही बाजू दिसतील अशा जागी ठेवतो. तो मधल्या मधे निरोप पोचवतो. तीन रेडिओ घ्या म्हणतो ते याचसाठी.

आता मुख्य प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत: ऐकणार कोण? सोळा नंबर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्‌झ, हे जगभर संकटाचं आणि हाक मारण्याचं चॅनेल आहे. तटरक्षक दल ते ऐकतं, मुरगाव बंदराच्या बाहेर नांगरलेली जहाजं ऐकतात. मालीम, कुटबण, खारीवाडो इथल्या ट्रॉलरांपैकी पुष्कळांकडे रेडिओ असतो, पण तांडेल, म्हणजे ट्रॉलरचा प्रमुख, आपल्या साथीदारांशी आपापल्या ठरलेल्या चॅनेलवर बोलत असतो, सोळावर असेलच असं धरू नका. रांपणीची होडी, गळाला बसलेली छोटी होडी, डॉल्फिन दाखवायला नेणारी बोट यांच्याकडे बहुतेक वेळा फक्त मोबाईल. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ट्रॉलरही नाहीत. त्या दिवसांत तुम्हीही नसावं.

म्हणून काणकोणच्या किनाऱ्यावर रेडिओ मुख्यतः तुमच्या तिघांना एकत्र ठेवण्यासाठी आहे, आणि त्यानंतर बाहेरच्याला हाक मारण्यासाठी. बाहेरच्यासाठी मोबाईलही तितकाच लागतो. पाणी न शिरणाऱ्या पाकिटात, अंगावर, तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सेव्ह करून. कड्याखाली नेटवर्क जातं आणि ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही हे खरं, पण चांगलं नेटवर्क असलेल्या जागी थेट १५५४ ला लागलेला फोन सोळा नंबरवरच्या हाकेइतकाच मोलाचा आहे. दोन्ही ठेवा.

डीएससीबद्दल. लाल झाकणाखालचं बटण काही सेकंद दाबून धरलं की सेट तुमचा ओळखक्रमांक आणि जीपीएसची जागा ७० नंबर चॅनेलवर आपोआप पाठवतो. ३०० टनांवरच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जहाजांना त्या चॅनेलवर सतत लक्ष ठेवावं लागतं, त्यांच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, घंटा वाजते. सोय फार चांगली आहे. वास्कोहून ग्रँड आयलंडला जाणारे असतात, मुरगावच्या जहाजांच्या आसपास वावरतात, त्यांना मी डीएससीवालाच घ्यायला सांगेन. पण तो ओळखक्रमांक, म्हणजे नऊ आकडी एमएमएसआय, भरल्याशिवाय ते बटण चालत नाही, भारताचे क्रमांक ४१९ ने सुरू होतात आणि ते अधिकृतपणेच मिळवावे लागतात. परदेशी संकेतस्थळावर फुकट मिळणारा क्रमांक घेऊन भरू नका. संकटात शोध सुरू होतो तो त्या क्रमांकाच्या नोंदीवरून, आणि ती नोंद भलत्याच देशातल्या भलत्याच बोटीची निघाली तर पहिला अर्धा तास तिथेच जातो. शिवाय बऱ्याच सेटमध्ये हा क्रमांक एकदाच, फार तर दोनदा भरता येतो, नंतर सेट कंपनीकडे पाठवावा लागतो. तुमच्या पल्ल्यासाठी ते पैसे मी तिसऱ्या साध्या सेटवर खर्च करेन.

ऑर्डर देण्याआधी कायद्याचं बघा. हे मी अगदी गंभीरपणे सांगतो. मरीन व्हीएचएफ भारतात परवानामुक्त नाही. त्याचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या बिनतारी परवाने देणाऱ्या शाखेकडून घ्यावा लागतो, अर्ज सरलसंचार पोर्टलवर होतो. सेटलाही भारतात मंजुरी असावी लागते. कोणी नातेवाईक परदेशातून बॅगेत घालून आणतो म्हणाला तर नको म्हणा. जहाजांना सामान पुरवणारे व्यापारी वास्कोत आणि मुंबईत आहेत, त्यांच्याकडे मंजुरीचे कागद मागा आणि कयाकसाठी परवान्याचा अर्ज कसा करायचा ते विभागाकडूनच लेखी विचारून घ्या. पैसे नंतर. ऑनलाइन वॉकीटॉकी विक्रीवर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये नियम आणले ते उगाच नाही, कसलीही माहिती न देता वाटेल ते विकलं जात होतं. उपग्रहावर चालणारी यंत्रं तर याहून नाजूक बाब. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला केवळ उपग्रह संदेशयंत्र बॅगेत होतं म्हणून अडवलं होतं.

दिवाळीपर्यंत परवान्याचं काम झालं नाही तर? ४४६ ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झवर चालणारे कमी ताकदीचे सेट परवान्याशिवाय वापरता येतात. तुमच्या तिघांचं आपसातलं बोलणं त्यावर होईल. सोळा नंबर त्यावर नाही, तटरक्षक दल तुम्हाला त्यावर ऐकणार नाही, हे लक्षात ठेवून पल्ला आगोंदपर्यंतच ठेवा. काब द राम जानेवारीत करा, समुद्र तेव्हाही शांत असतो. स्वस्तातले हौशी रेडिओवाल्यांचे सेट, ज्यांत सगळीच चॅनेलं भरता येतात, ते मात्र नको. या कामाला ते बेकायदा तर आहेतच, पण एका लाटेत मरतात.

लाटेवरून आठवलं, सेटवर लिहिलेलं आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकण्याची हमी. हे प्रयोगशाळेतलं संथ, गोडं पाणी. फुटणाऱ्या लाटेत पाण्याचा मारा वेगळा असतो, आणि दोन वर्षांनी रबरी सील कडक झालेला असतो. दर हंगामाच्या सुरुवातीला, दसऱ्याच्या सुमारास, मी सगळे सेट बादलीत अर्धा तास बुडवून ठेवतो. एखादा तिथे मेला तर वाईट वाटतं, पण घराच्या अंगणात मेला. आयपीएक्स ८ मिळाला तर घ्या, फक्त किती मीटर आणि किती वेळ ते वाचा, कारण तो आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.

आपल्याकडे पाण्यापेक्षा मीठ आणि ऊन जास्त सेट मारतात. चार्जिंगच्या पितळी टोकांवर मीठ बसतं, त्यात वीज गेली की हिरवा गंज चढतो. माझे पहिले दोन सेट असेच गेले, पाण्याचा थेंबही आत गेला नव्हता. किनाऱ्यावर आल्या आल्या गोड्या पाण्याने धुवायचं, धुताना बोलायचं बटण आणि आवाजाची खुंटी चार-पाचदा दाबायची-फिरवायची, पुसायचं, सावलीत वाळवायचं आणि टोकं पूर्ण कोरडी झाल्याशिवाय चार्जरला लावायचं नाही. यूएसबीच्या भोकावरचं रबरी बूच तर नखाने दाबून तपासा, पाणी आत जातं ते तिथून. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर सेट ठेवला तर बॅटरीचं आयुष्य एका उन्हाळ्यात निम्म्यावर येऊ शकतं. पावसाळ्यात ठेवून देताना बॅटरी निम्मी भरलेली असू द्या, डब्यात सिलिका जेल टाका, महिन्यातून एकदा उघडून बघा. गोव्यातल्या जुलैची दमट हवा हवाबंद डब्यातही वाट काढते.

सेट आल्यावर लगेच करायचं एक काम आहे. आत अमेरिका, कॅनडा आणि आंतरराष्ट्रीय असे चॅनेलांचे संच असतात. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय. बरेच सेट कारखान्यातून अमेरिकेच्या संचावर लावलेले येतात, आणि पडद्यावर एका कोपऱ्यात बारीक अक्षर सोडलं तर काही कळत नाही. सोळा दोन्हीकडे एकच असल्यामुळे चाचणीत सगळं ठीक वाटतं. पण काही चॅनेलांवर एका संचात ऐकायची आणि बोलायची लहर एकच असते, दुसऱ्यात वेगवेगळी. मग तिघांपैकी एकाला बाकीचे ऐकूच येत नाहीत. तिन्ही सेट शेजारी ठेवून एकाच संचावर आणा. आपसातल्या बोलण्यासाठी ७२ किंवा ७७ वापरा, ती जहाज-जहाज बोलण्यासाठीच आहेत. सेटमध्ये दोन चॅनेलं एकदम ऐकायची सोय असते, ती चालू ठेवली की सोळाही कानावर राहतं. रेडिओ चालतो का हे विचारायला सोळावर जाऊ नका.

बोलताना वाऱ्याकडे पाठ करा, रेडिओ तोंडापासून चार बोटांवर, अँटेना सरळ उभा. बटण दाबल्यावर एक क्षण थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. उलटून वर आल्यावर माइकच्या जाळीत पाणी असतं आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो, सेट उपडा करून दोनदा झटका. जीव धोक्यात असेल तर सोळावर पूर्ण ताकदीने 'मेडे' तीनदा, नाव तीनदा, मग जागा, काय झालं, किती जण, कयाकचा रंग. जिवावर बेतलेलं नाही पण मदत हवी असेल, उदाहरणार्थ खांदा निखळला, तर 'पॅन पॅन' तीनदा. जागा सांगताना अक्षांश-रेखांश असतील तर उत्तम, नसतील तर 'काब द राम किल्ल्याच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर' हेही चालतं. हिंदीत किंवा इंग्रजीत बोला. हे सगळं कागदावर लिहून, लॅमिनेट करून, तिघांच्याही डेकवर चिकटवा. तुमच्या बहिणीने एकदा आणि मित्राने एकदा, बटण न दाबता, मोठ्याने म्हणून दाखवलं पाहिजे.

पहिली चाचणी तळपण नदीच्या मुखाच्या आत घ्या, भरतीला, जिथे पाणी संथ असतं. एकाने काठावर राहायचं, दोघांनी कयाक घेऊन पांगायचं, दर पाचशे मीटरवर एक हाक, आधी १ वॉटवर आणि मग ५ वर, एकदा रेडिओ खिशात असताना आणि एकदा हात वर करून. मग कंबरभर पाण्यात मुद्दाम उलटा, पाण्यात असतानाच खिशातून रेडिओ काढा आणि काठावरच्याला हाक मारा. कुठे आवाज गेला, कुठे खिसा उघडेना, ते लिहून ठेवा आणि मला कळवा. खिशाचं काही अडलं तर काब द रामच्या आधी एक दिवस पाळोळ्याला या, माझ्याकडे जुन्या जॅकेटांचे तीन-चार वेगवेगळे खिसे आहेत, त्यातला एखादा शिवून घेऊ.